स्वस्त कोंबडी, मोकळी कोंबडी आणि वहिनीचं ताट

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, ब्रॉयलर कोंबड्या कशा वाढवतात हे एका माहितीपटात पाहिलं आणि तेव्हापासून बंद शेडमधली कोंबडी घेणं मी सोडलं. आता मोकळ्यावर फिरणारीच घेते. महाग पडते, पण आम्ही घरात दोघंच आणि दोघंही कमावते, त्यामुळे जमतं. माझ्या भावाकडे पाच माणसं, कमावणारा तो एकटा, आणि दोन मुलगे असे वयात आलेले की सदा भुकेले. तिथे स्वस्तातलीच कोंबडी येणार हे उघड आहे. मागे जेवायला गेले तेव्हा मी तोंडानं काही बोलले नाही, पण वाटीतले तुकडे बाजूला सारले. वहिनीनं ते पाहिलं. "वन्सं, आमची कोंबडी चालत नाही का आता तुम्हाला?" मी म्हटलं, पोट बरं नाही. निघताना धाकटा भाचा जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "आत्या, तुझं पोट काही दुखत नव्हतं." लाज वाटली. रागही आला, आणि तो नेमका कोणावर आला ते कळेना. मला दोन गोष्टी सांगा. हा फरक खरंच एवढा मोठा आहे, की मी नुसते मनाच्या समाधानाचे पैसे मोजतेय? आणि फरक असेल, तर तो माहीत असूनही आपल्याच माणसांना मनातल्या मनात नावं ठेवणं कसं थांबवायचं?

उत्तर : ताई, फरक आहे. वहिनीशी सूर जुळावा म्हणून मी तो पातळ करून सांगणार नाही. माणसांना नावं ठेवायची नाहीत म्हणून कोंबडीची हकीकत गोड करायची, ही तडजोड मला पटत नाही.

माझी उमेदीची वर्षं ब्रॉयलरच्या शेडमध्ये गेली. पाचव्या आठवड्यात शेडमध्ये पाऊल टाकलं की समोर पांढऱ्याशुभ्र, भरल्या अंगाच्या, दोन किलोच्या कोंबड्या दिसतात. आवाज मात्र पिल्लांचा. आरवणं नाही, कलकलाट नाही, नुसती चिवचिव. शरीर मोठ्या पक्ष्याचं आणि वय पिल्लाचं, हे कानांना आधी कळतं आणि मग डोळ्यांना. बहुतेक ठिकाणी ३५ ते ४२ दिवसांत माल उचलतात. हलक्या, जुन्या जातीच्या कोंबडीला कोणी हात लावला नाही, तर ती पाच-सात वर्षं सहज जगते.

ही किमया झाली निवडीच्या पैदाशीनं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धाच भरवली होती. कृषी खातं आणि एक मोठी किराणा साखळी तिच्या मागे होती. छाती रुंद, वाढ झटपट आणि खाद्य कमी, अशी कोंबडी कोण तयार करतो ते बघायचं. १९४८ च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा संकर पहिला आला. पुढच्या काही दशकांत हा धंदा कुठल्या कुठे गेला, ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं फार छान दाखवून दिलं. त्यांच्याकडे १९५७ आणि १९७८ च्या ब्रॉयलरचे वंश जसेच्या तसे राखून ठेवले होते. ते दोन आणि २००५ चा बाजारातला वंश, अशी पिल्लं त्यांनी एकाच खाद्यावर वाढवली. छप्पन्नाव्या दिवशी १९५७ ची कोंबडी सरासरी ९०५ ग्रॅमची भरली, १९७८ ची १,८०८ ग्रॅमची आणि २००५ ची ४,२०२ ग्रॅमची. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खाद्य तेच, दिवस तेवढेच, साडेचार पटींहून जास्त वजन.

या वजनाचा भार पायांवर येतो. ब्रिटनमध्ये ५१ हजार कोंबड्यांची चाल तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी चाळीस दिवसांच्या वयाला २७.६ टक्के कोंबड्यांची चाल वाईट होती आणि ३.३ टक्के तर जवळजवळ चालूच शकत नव्हत्या. आता यावर कोणीही म्हणेल, लंगडते म्हणजे दुखतंच असं कशावरून? त्याचंही उत्तर आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंगड्या आणि धडधाकट कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एका रंगात वेदनाशामक मिसळलेलं, दुसरं साधं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि पाय जितका वाईट तितकं ते आणखी जास्त. कोंबडीला बोलता येत नाही, पण यापेक्षा स्पष्ट ती काय सांगणार?

तेव्हा ताई, तुमचे पैसे नुसत्या समाधानापोटी जात नाहीत. मात्र ते नेमके कशापोटी जातात, हे तपासून बघा, कारण 'मोकळी' या शिक्क्याखाली बरंच काही खपतं.

युरोपीय संघात शेडमधल्या ब्रॉयलरची दाटी किती असावी याचा नियम आहे. दर चौरस मीटरला ३३ किलो हा पाया, आणि हवापाण्याच्या जादा अटी पाळल्या आणि मरतुक कमी ठेवली तर ४२ किलोपर्यंत मुभा. दोन किलोची कोंबडी धरली तर एका चौरस मीटरात एकवीस. तिथेच 'फ्री रेंज' म्हणून विकायची तर आत दाटी २७.५ किलोपर्यंतच, निम्मं आयुष्य तरी दिवसा बाहेर जायची सोय, बाहेर प्रत्येक कोंबडीमागे निदान एक चौरस मीटर हिरवळीची जागा, आणि कापायचं वय किमान ५६ दिवस. 'पारंपरिक फ्री रेंज' म्हणवून घ्यायचं तर ८१ दिवस. हे सगळं कागदावर नेमकं आहे. उलट अमेरिकेत याच शब्दाला इतकी वर्षं एवढाच अर्थ होता की पक्ष्यांना बाहेर जायची मुभा होती असं उत्पादकानं दाखवावं. किती वेळ, किती जागा, याचं बंधन नाही. आणि कित्येक ठिकाणी तर या शब्दामागे कायदाच नसतो, असतो तो छापखाना.

दार उघडं ठेवलं म्हणजे कोंबड्या बाहेर पडतात असंही नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासक मेरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्री रेंज ब्रॉयलरचे कळप पाहिले, तेव्हा दिवसा कुठल्याही एका वेळी पंधरा टक्क्यांहून कमीच पक्षी बाहेर दिसले. ते प्रमाण वाढलं ते झाडं असलेल्या ठिकाणी. कारण सरळ आहे. कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, दाट रानात झुडपांखाली वावरणारा पक्षी. डोक्यावर मोकळं आभाळ म्हणजे त्याच्या लेखी ससाणा. बोडक्या मैदानाचं छायाचित्र पाकिटावर माणसाला सुंदर दिसतं, कोंबडीला नाही. त्यात जात जर तीच झपाट्यानं फुगणारी असेल, तर पाय दुखणारी कोंबडी दारापर्यंत जाईलच कशाला?

त्याच डॉकिन्सबाईंच्या गटाचा आणखी एक अभ्यास 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात २००४ मध्ये आला. व्यापारी शेडमध्येच त्यांनी वेगवेगळी दाटी ठेवून पाहिली. दाटी फार झाली की वाईट होतंच, पण शेडमधली आर्द्रता, तापमान आणि गादीची, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाची, अवस्था यांनी कोंबड्यांच्या हालअपेष्टांत त्याहून जास्त फरक पडतो, असं त्यांना आढळलं. हे मला शेडमध्ये रोज दिसायचं. एकाच कंपनीची पिल्लं, एकच खाद्य, शेजारशेजारच्या दोन शेड. एकीत तूस कोरडं, हातात घेतलं तर भुरभुर सांडणारं. कोंबड्या त्यात अंग घोळवतायत. दुसरीत पाण्याचे निपल गळके, तुसाचे ढेपे झालेले, आणि दार उघडताच अमोनियानं डोळ्यांना धार लागायची. त्या ओल्या गादीवर बसून बसून कोंबडीच्या घोट्याच्या सांध्यावर तपकिरी-काळा चट्टा पडतो. तो भाजल्याचाच डाग असतो. साफ केलेली अख्खी कोंबडी घेताना तंगडीचा सांधा बघा. डाग असेल तर ती कुठल्या गादीवर बसली होती हे पाकिटावरच्या मजकुरापेक्षा तोच सांगेल. 'मोकळी' म्हणून घेतलेल्या कोंबडीवरही मी तो पाहिला आहे.

म्हणून माझा सल्ला असा. विकणाऱ्याला 'मोकळी आहे का' हे विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. जात कुठली आणि किती दिवसांची, एवढं विचारा. सावकाश वाढणारी, नव्वद दिवसांच्या आसपासची म्हणाला, तर पैसे सत्कारणी लागले. ब्रॉयलरच आहे पण अंगणात सोडलेली, असं उत्तर आलं, तर जादा पैशांतले बरेचसे अंगणाच्या छायाचित्राला गेले समजा. ज्याला दोन्हींतलं एकही सांगता येत नाही त्याच्याकडे स्वस्तातली घेतलेली काय वाईट?

आता दुसरा प्रश्न, राग कोणावर काढायचा तो.

कोंबडीची जात कोणी ठरवली? जगभरातल्या ब्रॉयलर पिल्लांचे मूळ वंश आज मोजक्या कंपन्यांच्या हातात आहेत. बहुतेक ठिकाणी धंदा करारावर चालतो. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, आणि तयार माल कधी उचलायचा तेही तीच ठरवते. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि राबणं. त्याला मोबदला मिळतो वजनावर, आणि एक किलो मांसाला किती किलो खाद्य लागलं आणि मरतुक किती झाली, यावर तो वर-खाली होतो. म्हणजे ज्याच्या शेडमध्ये ती कोंबडी वाढली, त्यालासुद्धा सावकाश वाढणारी जात निवडायची सोय नव्हती. मग सगळं ठरून गेल्यावर, शेवटच्या टोकाला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या तुमच्या वहिनीनं काय ठरवलं? पाच माणसांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन तुकडे यावेत, एवढंच.

तुम्ही त्या घरच्या खर्चाचा हिशेब पाहिलेला नाही. मीही नाही. कोणाचं औषधपाणी चालू आहे, कोणाची फी थकली आहे, हे ताटाकडे बघून कळत नसतं.

आणि खरं सांगू का, हिशेब मांडायचाच म्हटला तर तो तुम्हाला वाटतो तसा तुमच्या बाजूनं झुकेल याची खात्री नाही. आठवड्याला एक मोकळी कोंबडी खाणाऱ्या घरात वर्षाला बावन्न पक्षी जातात. महिन्याला एक स्वस्त कोंबडी आणणाऱ्या घरात बारा. बावन्न जरा बऱ्या आयुष्यांपुढे बारा वाईट आयुष्यं, यात कोणाचं पारडं जड? मला तरी ठामपणे सांगता येत नाही. सावकाश वाढणारी कोंबडी किलोमागे खाद्य जास्त खाते, म्हणजे तिच्या मक्या-सोयाबीनला जमीनही जास्त लागते. पर्यावरणाची काळजी करणारा माणूस या एका मुद्द्यावर शेडच्या बाजूनं बोलू शकतो, आणि तो खोटारडा ठरत नाही.

अंड्यांचं काय करता? मोकळ्या कोंबड्यांची अंडी घेत असाल असं धरून चालतो. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारतात. अंडी देणारी बहीण पुढे पिंजऱ्यात गेली की कुरणात, त्यावर भावाचं नशीब बदलत नाही. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली, तेव्हा अंड्यातच नर-मादी ओळखायचं तंत्र तिथे सर्रास वापरात आलं. बाकी बहुतेक जगात नर पिल्लं मारणं चालूच आहे. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. वरच्या पायरीवर उभं राहून खाली बघायचं म्हटलं, तर ती पायरीच जाग्यावर नाही, एवढं दाखवायचं होतं. नाकानं कांदे सोलणाऱ्याच्या घरातही कांद्याचा वास येतोच.

तुमचा राग वाया जाऊ नये असं वाटत असेल तर त्याला वाट आहे. नेदरलँड्समध्ये काय झालं ते बघा. झपाट्यानं वाढवलेल्या कोंबडीविरुद्ध तिथल्या एका प्राणिहितवादी संस्थेनं साधारण २०१२ पासून मोहीम चालवली. मोहिमेचा रोख घरोघरच्या गिऱ्हाइकावर ठेवला असता तर लोक चिडून गप्प बसले असते. रोख होता सुपरमार्केटच्या साखळ्यांवर. एकेका साखळीला जाहीरपणे जाब विचारत गेले, आणि २०२३ च्या अखेरीपर्यंत तिथल्या सुपरमार्केटांनी ताज्या चिकनसाठी सावकाश वाढणाऱ्या जातींवर येण्याचं ठरवलं. परिणाम काय, तर खरेदीला आलेल्या कुठल्याच बाईला दोन ढिगांपुढे उभं राहून स्वतःची सदसद्विवेकबुद्धी तपासावी लागत नाही. स्वस्तातला ढीगच पूर्वीपेक्षा बरा झाला. मोठ्या गिऱ्हाइकांनी, म्हणजे हॉटेलच्या साखळ्या आणि खाणावळी चालवणाऱ्या कंपन्यांनी, युरोपात अशाच एका जाहीर बांधिलकीवर सह्या केल्या आहेत: दाटी ३० किलोच्या वर नाही, जाती सावकाश वाढणाऱ्या, आत उजेड आणि बसायला दांडे. सगळे शब्द पाळतीलच असं नाही. पण पत्र लिहायचं, जाब विचारायचा, तर तो इथे. तुमच्या ऑफिसच्या कँटीनला कोंबडी कोण पुरवतं, हे कधी विचारलंत? तिथे एका प्रश्नानं जेवढं हलेल, तेवढं भावाच्या घरी दहा वाट्या सारून हलणार नाही.

आता उरली ती वाटी. त्या कोंबडीचं जे व्हायचं ते झालं होतं, तुकडे सारून तिचा एक दिवसही वाढला नाही, त्यामुळे खाल्ली असतीत तरी बिघडत नव्हतं, असं माझं मत. पण घास उतरत नसेल तर उतरत नाही, त्यावर जबरदस्ती नको. मग ते वाढायच्या आधी सांगा, म्हणजे फोनवर, जायच्या आदल्या दिवशी. "वहिनी, मी हल्ली कोंबडी फार कमी खाते गं, माझ्यापुरती भाजी असू दे" एवढं पुरतं. कारण विचारलं तरच सांगायचं, आणि ते स्वतःबद्दल सांगायचं: "ते बघितल्यापासून मला जात नाही." वाढलेलं ताट बाजूला सारणं आणि आधी कळवणं, यात रांधणारीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात तिचे कष्ट नाकारले जातात.

कधी मधी तुम्हीच कोंबडी घेऊन गेलात तर हरकत नाही, पण अख्ख्या घराला पुरेल एवढी न्या आणि ती कुठून आणली याचं व्याख्यान देऊ नका. पोरांना आवडली आणि त्यांनी विचारलं, तर सांगा. नाहीच विचारलं तर जेवण झालं म्हणायचं आणि भांडी आवरायची.

भाच्याला मात्र खरं सांगून टाका. त्यानं तुम्हाला पकडलंय आणि त्याला ते माहीत आहे. "पोट दुखत नव्हतं. मला ती कोंबडी कशी वाढवतात ते आठवलं आणि तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले." तो पुढे विचारेल, "मग आई चुकीचं करते का?" यावर "नाही" एवढंच ठामपणे म्हणा, आणि वर लिहिलेला तो करारावरच्या शेतकऱ्याचा धंदा त्याला समजावून सांगा. त्या वयाच्या मुलांना पैसा कुठून कुठे जातो यात आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त रस असतो.

प्रश्न : साहेब, मी स्वस्तातलीच कोंबडी खातो आणि खाणार. पण हल्ली जो तो शिकवायला येतो. मोकळी कोंबडी घेणारे आमचे एक सहकारी माझ्या डब्याकडे बघून मान हलवतात. माझं म्हणणं, मांस ते मांस. हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत आणि दुकानदार त्यांना गंडवतात. बरोबर ना?

उत्तर : अर्धं बरोबर. मान हलवणाऱ्या सहकाऱ्याला वरचं उत्तर वाचायला द्या. तुम्ही कोणाला जबाब द्यायला बांधील नाही. डबा तुमचा, पगार तुमचा, घरची तोंडं तुमची.

पण "मांस ते मांस" म्हणताना तुम्हीही तेच करताय, फक्त उलट्या दिशेनं. परवडत नाही हे सांगायला लाज कसली? ती गोष्ट "द्राक्षं आंबट" करून सांगायची गरज नाही. स्वस्त कोंबडी स्वस्त का, हे वर आलंच आहे. त्या स्वस्ताईतला काही भाग त्या पक्ष्यानं पायांनी भरलेला असतो. हे मान्य करूनही तुम्ही ती खाऊ शकता. मी शेडमधून निवृत्त झालो म्हणून मांसाहार सोडलेला नाही, आणि बाहेर जेवताना समोर येते ती कोंबडी कुठल्या शेडमधली हे मी विचारत बसत नाही.

खाण्याच्या दृष्टीनं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. प्रथिनांत म्हणण्यासारखा फरक नाही. झटपट वाढलेल्या कोंबडीत चरबी थोडी जास्त, आणि छातीच्या मांसावर कधी कधी पांढऱ्या रेघा दिसतात, त्या चरबीच्या आणि तंतूंच्या असतात. खायला धोका नाही. उलट मोकळ्या कळपांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जिवाणू जास्त आढळतो, कारण बाहेरच्या मातीतून आणि पाखरांकडून तो सहज येतो. मोकळं फिरणं म्हणजे सुखच सुख, असंही नाही. कोल्हा-कुत्रा, ससाणा, जंत, रक्ती हगवण आणि पाऊस हे सगळं कुरणात भेटतं. बर्ड फ्लूची साथ आली की कित्येक देशांत सरकारच हुकूम काढतं आणि मोकळ्या कोंबड्यांनाही आठवडेच्या आठवडे आत कोंडावं लागतं. तेव्हा सहकाऱ्यानं पुन्हा मान हलवली तर, "तुमच्या कोंबडीला जंताचं औषध वेळेवर मिळतं ना?" असं विचारा. हे गमतीनं लिहिलंय, विचारू नका.

एक मात्र करा, पैसा लागत नाही. नुसत्या छातीच्या तुकड्यांऐवजी अख्खी कोंबडी घ्या आणि हाडांचंही काहीतरी करा. छातीच्या मांसाच्या मागणीपायीच ही जात पुढून एवढी जड केली गेली. शिवाय किलोमागे अख्खी स्वस्त पडते.

प्रश्न : ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात म्हणून मी मुलींना ती देत नाही. मोकळ्या कोंबडीत हार्मोन नसतात ना? जावेला किती सांगितलं, ऐकत नाही.

उत्तर : जाऊबाई ऐकत नाहीत हे बरंच आहे. ब्रॉयलरला वाढीची हार्मोन देत नाहीत. वाढीचं हार्मोन हे प्रथिन, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. म्हणजे इंजेक्शनच द्यावं लागेल, तेही पुन्हा पुन्हा. वीस-तीस हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक कोंबडी पकडून सुई टोचणारी माणसं कुठून आणणार आणि त्यांची मजुरी कोण भरणार? पिल्लं फुगतात ती पैदाशीमुळे, खाद्यामुळे आणि नेमक्या तापमानामुळे. अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन द्यायला मुळातच बंदी आहे, त्यामुळे तिथे 'हार्मोनविरहित' असं पाकिटावर छापलं तर 'बंदी आहेच' हेही शेजारी छापावं लागतं.

काळजी करायचीच तर प्रतिजैविकांची करा. पिल्लं आजारी नसताना निव्वळ वाढीसाठी ती खाद्यात मिसळायची पद्धत जगभर होती. त्यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात, आणि ते खाणाऱ्यालाच भेटतात असं नाही, शेजाऱ्यालाही भेटतात. युरोपीय संघानं वाढीसाठीचा हा वापर १ जानेवारी २००६ पासून बंद केला. खरेदी करताना प्रतिजैविकांबद्दल विचारलंत तर तो प्रश्न योग्य आहे, आणि तो मोकळ्या कोंबडीवाल्यालाही विचारा.

जावेकडे जाऊन "मी चुकीचं सांगत होते" असं म्हणायची गरज नाही. यापुढे विषय काढू नका, एवढं केलंत तरी त्या खूश होतील.

प्रश्न : पहिल्यांदाच मोकळी, मोठ्या वयाची कोंबडी आणली. नेहमीसारखी शिजवली तर चामड्यासारखी चिवट. विकणाऱ्यानं फसवलं का?

उत्तर : चिवट निघाली म्हणजे बहुधा फसवलं नाही. वय वाढलं आणि पक्षी हिंडला-फिरला की स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन घट्ट होतं. पाच आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये ते कोवळं असतं, म्हणून ती वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होते. मोठ्या आचेवर घाई केली तर कोलॅजन विरघळायच्या आधीच मांसातलं पाणी निघून जातं. पाणी बेताचं घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर दीड-दोन तास द्या, किंवा कुकरला ब्रॉयलरच्या दुप्पट वेळ ठेवा. तंगडी आधी घाला, छातीचे तुकडे मागून. कच्ची कोंबडी नळाखाली धरून धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात, आणि जिवाणू मारायचं काम आच करतेच.